मेल आणि कॅलेंडरच्या भरवशावर कार्यालय हलवलं, त्याची हकिगत

ऑक्टोबरच्या शेवटी आमचं कार्यालय नव्या इमारतीत हलवायचं पक्कं झालं. जुन्या जागेचा करार ३१ मार्चला संपत होता आणि मुदतवाढ मिळणार नाही, हे जागामालकांनी लेखी कळवलं होतं. काम माझ्याकडे आलं, कारण त्याआधीच्या किरकोळ दुरुस्त्यांचा पत्रव्यवहार मी बघायचे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रशिक्षण नव्हतं, स्वतंत्र टीम नव्हती, आणि रोजचं काम सांभाळून हे करायचं होतं. माझ्यासारख्या बऱ्याच जणांवर असं काम अचानक येऊन पडतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिल्याच आठवड्यात मी प्रोजेक्टसाठी एखादं स्वतंत्र सॉफ्टवेअर मागितलं. उत्तर आलं की त्याला माणशी मासिक शुल्क पडतं, म्हणजे विषय खरेदी समितीपुढे जाणार, त्याआधी माहिती सुरक्षेची तपासणी, आणि मंजुरी मिळाली तर जानेवारीत. जानेवारीत मला नव्या जागेत वायरिंग सुरू झालेलं हवं होतं! तेव्हा चरफडले, पण नंतर वाटलं की मंजुरी मिळाली असती तरी फार उपयोग झाला नसता. या कामातली निम्म्याहून जास्त माणसं बाहेरची होती: विजेचं काम करणारे, नेटवर्कवाले, फर्निचरवाले, सामान हलवणारे, दोन्ही इमारतींचे व्यवस्थापक. माझ्यासाठी यांच्यातलं कोणीही नवं खातं उघडून, पासवर्ड लक्षात ठेवून, तिथे येऊन 'काम पूर्ण' असं टिपणार नव्हतं. मेल मात्र प्रत्येकाकडे होता. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये @ चिन्ह वापरून एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला, आणि आज मेलची ही सोय आहे की समोरचा कुठलं सॉफ्टवेअर वापरतो, याची फिकीर करावी लागत नाही. आमच्याकडे जीमेल आणि गुगल कॅलेंडर होतं, बाहेरची बरीच मंडळी आउटलुकवर होती. त्यामुळे पुढच्या युक्त्या बहुतेक दोन्हीकडे चालतील अशा आहेत.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा निव्वळ मेल लावण्यात गेला. तो वाया गेल्यासारखा वाटत होता, कारण लोक विचारत होते, 'काम कुठवर आलं?' आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

सगळ्यात आधी सब्जेक्टसाठी एक छोटा कोड ठरवला. एरवीच्या मजकुरात कधी येणार नाही असा कोड घ्या. 'कार्यालय' किंवा 'स्थलांतर' असा शब्द घेतलात तर शोध घेताना निम्मं जग हाती लागतं. कोडच्या पुढे कामाचा भाग: वीज, नेटवर्क, फर्निचर, कागदपत्रं, जुनी जागा. मग फिल्टर. जीमेलमध्ये शोधाच्या चौकटीतले पर्याय उघडले की खाली फिल्टर तयार करायचं बटण असतं. तिथे कोड टाकला, लेबल निवडलं आणि आधीच्या मेलनाही ते लागू करायची खूण केली. ही खूण करायची राहून गेली तर फक्त नवे मेल लेबलाखाली येतात, जुने बाहेरच राहतात. बाहेरची माणसं कोड लिहायला विसरणारच, म्हणून त्यांच्या पत्त्यांवर वेगळा फिल्टर केला. जीमेलमध्ये एका मेलला कितीही लेबलं लावता येतात, त्यामुळे 'वीज' आणि 'मंजुरी' दोन्ही एकाच मेलवर बसतात. आउटलुकच्या फोल्डरमध्ये मेल एकाच जागी राहतो, तिथे दुसऱ्या वर्गवारीसाठी रंगीत कॅटेगरी वापरावी.

इथे थ्रेडबद्दल, म्हणजे मेल आणि त्यावरच्या उत्तरांच्या साखळीबद्दल, थोडं सांगते, कारण पुढची निम्मी डोकेदुखी तिथूनच येते. प्रत्येक मेलला स्वतःचा ओळख-क्रमांक असतो आणि उत्तर देताना नव्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदीत, जुन्याचा क्रमांक आपोआप नोंदला जातो. त्यावरून सॉफ्टवेअर मेल एकाखाली एक लावतं. त्यामुळे कोणी पत्ते टाइप करायचा कंटाळा करून फर्निचरच्या जुन्या मेलला 'रिप्लाय ऑल' करून लिफ्टचा प्रश्न विचारला, की लिफ्टचा विषय कायमचा फर्निचरच्या पोटात गेला. सब्जेक्ट बदलला की जीमेल संभाषण वेगळं काढतं, आणि एकाच संभाषणात १०० च्या वर मेल गेले तरी ते तोडतं. मी नियम केला की विषय बदलला तर नवा मेल. लोक पाळायचे नाहीत. मग मीच त्यांचा प्रश्न उचलून, योग्य सब्जेक्ट देऊन नवा मेल करायचे आणि त्यातच उत्तर द्यायचे. भांडण्यापेक्षा हे सोपं पडलं. महिन्याभरात बरेच जण नव्या मेललाच उत्तर द्यायला शिकले.

दुसरं काम होतं सामायिक पत्त्याचं. सगळा व्यवहार माझ्या एकटीच्या मेलबॉक्समध्ये राहिला तर मी आजारी पडल्यावर कोणालाच काही सापडणार नाही. म्हणून प्रोजेक्टसाठी ग्रुपचा पत्ता मागितला. त्यासाठी अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, पत्त्याचा जबाबदार मालक कोण, त्याच्या गैरहजेरीत कोण, आणि पत्ता कधी बंद करायचा ती तारीख. शेवटचा रकाना मी रिकामा ठेवला होता, तेवढ्यावरून अर्ज परत आला. सहीसाठी साहेब दौऱ्यावरून येईपर्यंत थांबणं आलं. असा नोव्हेंबर अर्धा सरला. पत्ता मिळाला आणि लगेच कळलं की संस्थेबाहेरून आलेले मेल तो स्वीकारतच नाही. नेटवर्कवाल्यांचं दरपत्रक परत गेलं आणि त्यांनी ते मला फोनवर सांगितलं. पुन्हा अर्ज. तुम्ही असा पत्ता मागणार असाल तर 'बाहेरच्या पत्त्यांवरून येणारे मेल स्वीकारावेत' हे वाक्य पहिल्याच अर्जात घाला, आणि बंद करायची तारीख काम संपण्याच्या तारखेपेक्षा निदान तीन महिने पुढची टाका.

आता कॅलेंडर. आपल्यापैकी बहुतेकांना ते फक्त मीटिंगसाठी ठाऊक असतं. मलाही तसंच. प्रोजेक्टसाठी मी स्वतःच्या कॅलेंडरात नोंदी न करता एक स्वतंत्र कॅलेंडर उघडलं. फायदा असा की ते एका टिचकीत दाखवता-लपवता येतं आणि दुसऱ्याला तेवढ्यातच वाटा देता येतो, म्हणजे ते शेअर करता येतं, माझ्या दंतवैद्याच्या वेळेसकट नव्हे. गुगल कॅलेंडरमध्ये वाटा देण्याच्या चार पायऱ्या आहेत: फक्त मोकळा वेळ दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि नोंदींसोबत इतरांचे हक्कही बदलता येणं. आमच्या विभागातल्या दोघांना तिसरी पायरी दिली, वरिष्ठांना दुसरी. वरिष्ठांना बदलायचा हक्क दिला की ते मोबाइलवर बोट लागून तारखा सरकवतात. हे ऐकीव नाही, पण तपशिलात जात नाही.

बाहेरच्या लोकांना मात्र आख्खं कॅलेंडर दाखवायची आमच्या संस्थेत परवानगी नव्हती. त्यांना त्यांच्यापुरती आमंत्रणं पाठवायची. गुगलवरून पाठवलेलं आमंत्रण आउटलुकमध्ये व्यवस्थित उघडतं, कारण दोघंही आयकॅलेंडर नावाचं एकच मानक पाळतात. ते १९९८ मध्ये ठरलं, २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आमंत्रणाबरोबर जी आयसीएस फाइल येते ती साधा मजकूर असते आणि तिच्यात त्या नोंदीचा कायमचा ओळख-क्रमांक असतो. तारीख बदलली तर तीच नोंद उचलून सरकवायची, म्हणजे क्रमांक तोच राहतो आणि सगळ्यांच्या कॅलेंडरात ती आपोआप सरकते. जुनी तशीच ठेवून नवी केली तर लोकांकडे दोन्ही दिसतात आणि निम्मे जण जुन्या वेळी हजर होतात. तसंच आमंत्रण परस्पर फॉरवर्ड करू नका, नाव मला कळवा, मी यादीत घालते, असं सगळ्यांना सांगून ठेवलं. यादीत नसलेल्या माणसाला वेळ बदलल्याचं कळेलच याची खात्री नसते.

नोव्हेंबरच्या अखेरीला तीन वेगवेगळ्या ठेकेदारांना नवी जागा दाखवायची होती, एकाच दिवशी, वेगवेगळ्या वेळी. आमंत्रण करताना पाहुण्यांच्या हक्कांत 'पाहुण्यांची यादी दिसावी' ही खूण असते. ती काढायची. तिघांना एकच आमंत्रण गेलं असतं आणि खूण तशीच असती, तर दरपत्रकं येण्याआधीच एकमेकांची नावं सगळ्यांना कळली असती. मी प्रत्येकाला स्वतंत्र आमंत्रण केलं आणि वर ती खूणही काढली.

डिसेंबरात तारखा मांडायला बसले. ३१ मार्चपासून उलटं मोजत मागे यायचं. जागा रिकामी करून साफसफाई आणि पाहणीला दहा दिवस, म्हणून सामान २० मार्चपर्यंत हललेलं हवं. हलवण्याआधी नव्या जागेत इंटरनेट आणि वीज तपासून झालेली हवी. इंटरनेटची लाइन मागितल्यावर मिळायला सहा ते आठ आठवडे सांगितले होते, म्हणजे अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे, आणि अर्जाबरोबर नव्या जागेचा नोंदणी झालेला करार लागतो, जो अजून व्हायचा होता. हे कागदावर उतरवल्यावर पोटात गोळा आला. मार्च लांब वाटत होता, पण खरी मुदत जानेवारीतच होती.

कॅलेंडरची मोठी उणीव इथे लक्षात येते. एक काम दुसऱ्यावर अवलंबून आहे, हे त्याला कळत नाही. करार आठवडाभर लांबला तर लाइनची तारीख आपण होऊन पुढे जात नाही. प्रोजेक्टच्या सॉफ्टवेअरला पैसे मोजायचे ते मुख्यतः यासाठीच. मी त्यावर हाताने तोडगा काढला. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीच्या वर्णनात दोन ओळी: 'याआधी काय व्हायला हवं' आणि 'यावर काय अवलंबून'. एखादी तारीख हलली की दुसरी ओळ वाचून पुढच्या नोंदी एकेक सरकवायच्या. तीस-चाळीस नोंदींपर्यंत हे जमतं. शे-दोनशे कामं असतील तर हट्ट सोडून योग्य साधन मागा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडली ती वाट बघण्याची नोंद. असल्या कामात मी स्वतः करायचं असं फार थोडं असतं. बहुतेक वेळ कोणाकडून तरी काहीतरी यायचं असतं: दर, सही, नकाशा, होकार. मेल पाठवला की डोक्यातून तो विषय 'झालं'च्या खात्यात जातो, आणि पंधरा दिवसांनी कळतं की पलीकडे कोणी तो उघडलाच नाही. म्हणून उत्तर हवं असलेला मेल पाठवला की त्याच क्षणी, दुसरं काही करायच्या आत, प्रोजेक्टच्या कॅलेंडरात दिवसभराची नोंद करायची: 'वाट: वीज, भारमंजुरीचं पत्र, व्यवस्थापकांकडून'. ती मेल पाठवल्याच्या दिवशी नव्हे, ज्या दिवशी मी आठवण करणार त्या दिवशी. उत्तर आलं की नोंद पुसायची. नाही आलं तर त्या सकाळी त्याच थ्रेडमध्ये दोन ओळींची आठवण, आणि नोंद पुढे.

जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून थेट कॅलेंडरची नोंद करता येते, मजकुरासकट. सोयीचं आहे, पण सांभाळा: त्या मेलवर असलेली माणसं नोंदीत पाहुणे म्हणून आपोआप येतात. आधी ती काढा, मग सेव्ह करा. नाहीतर 'वाट: साहेबांची सही, अजून नाही' असं आमंत्रण थेट साहेबांना पोचेल. आउटलुकमध्ये मेल ओढून कॅलेंडरच्या चिन्हावर सोडला की तशीच नोंद होते, किंवा पाठवतानाच मेलला फॉलो-अपचा झेंडा आणि रिमाइंडर लावता येतो. आणखी एक, वाट बघण्याच्या सगळ्या नोंदी 'उपलब्ध' अशा ठेवा, 'व्यस्त' नको. नाहीतर मीटिंगसाठी वेळ शोधणाऱ्यांना तुम्ही महिनाभर गुंतलेल्या दिसता.

गुगलच्या टास्क्समध्येही हे ठेवता आलं असतं, पण ती यादी फक्त मला दिसते. कॅलेंडरात ठेवल्यामुळे मी रजेवर असताना सहकाऱ्याने सकाळी ते उघडून तीन आठवणी परस्पर पाठवल्या, मला फोनही न करता.

लोकांना सारखी आठवण करायचा मला फार संकोच वाटायचा. विशेषतः वयाने मोठ्यांना. नोंदीमुळे तो बराच कमी झाला. आज आठवण करायची की नाही, हे मी त्या सकाळच्या धीरावर सोडत नव्हते, ते पाठवतानाच ठरलेलं असायचं. आणि मेलमध्येच लिहून टाकायचे: '१२ तारखेपर्यंत कळलं नाही तर १३ ला पुन्हा विचारेन.' त्यामुळे १३ ला कोणालाच नवल वाटायचं नाही.

काही जण मेल वाचतच नाहीत, हे मात्र कुठल्याही नोंदीने बदलत नाही. जुन्या इमारतीच्या देखभालीला असलेले एक काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "मॅडम, मेल काय बघत बसू, तुम्ही तोंडी सांगा ना." मी म्हणायचे, "सांगते काका, पण आत्ता बोललो ते मी लिहून पाठवते, त्यावर नुसतं 'हो' एवढं पाठवा." ते पाठवायचे. फोनवर ठरलेलं दहा मिनिटांत मेलवर टाकायची सवय मला त्यांच्यामुळे लागली. मेलची सुरुवात ठरलेली असायची: 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे...' आणि शेवटी 'यात काही चुकलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं.'

जानेवारी हा मंजुऱ्यांचा महिना. आमच्या लेखा विभागाची रीत अशी की मेलमधला मजकूर दरपत्रक म्हणून चालत नाही. ठेकेदाराच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह पीडीएफ लागते, ती संस्थेच्या नावाच्या पत्त्यावरून आलेली असावी, आणि खरेदी आदेश निघाला की त्याचा क्रमांक पुढच्या प्रत्येक मेलच्या सब्जेक्टमध्ये असावा. कटकट वाटली, पण तो क्रमांक नंतर माझ्या कोडपेक्षाही जास्त कामाला आला. बिल आलं की क्रमांक शोधायचा, सगळा इतिहास समोर.

नकाशांच्या फाइल्सनी थोडा त्रास दिला. जीमेलवरून २५ एमबीपर्यंतची अटॅचमेंट जाते, पण फाइल मेलमधून जाताना तिचं मजकुरात रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून २० एमबीची फाइलही काही वेळा पलीकडच्या सर्व्हरवरून परत येते. मोठ्या फाइल्स सामायिक ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवायला लागले. लिंक पाठवण्याआधी ती एकदा ब्राउझरच्या खासगी विंडोत, म्हणजे जिथे आपलं खातं उघडलेलं नसतं तिथे, उघडून बघावी. 'परवानगी मागा' असं दिसलं तर समोरच्यालाही तेच दिसणार. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की त्या आपोआप क्रमाने लागतात. 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात लिहायला मी बंदीच घातली.

दर सोमवारी पंचवीस मिनिटांची एक ठरलेली मीटिंग होती. विषयपत्रिका आमंत्रणाच्या वर्णनातच, वेगळा मेल नाही. एक गोष्ट लवकर उमगली: आमंत्रणाला 'हो' म्हणणं म्हणजे येणं नव्हे. लोक मोबाइलवर जाता-येता 'हो' दाबतात. ज्यांच्याशिवाय निर्णय होणार नाही अशा एक-दोघांना मी आदल्या दिवशी वेगळं विचारायचे. बाकीच्यांनी 'कदाचित' म्हटलं तरी चालायचं.

शुक्रवारी दुपारी सगळ्यांना एक मेल. वरच्या दोन-तीन ओळींत फक्त कोणाकडून काय आणि कधीपर्यंत हवं आहे ते, नाव आणि तारखेसह. मग काय झालं, काय अडलं. आधी मी 'काय झालं' वर लिहायचे, मग लक्षात आलं की लोक पहिला पडदा वाचतात आणि थांबतात. हा मेल सकाळी लिहून दुपारी जाईल असा लावून ठेवायचे, मधल्या वेळात काही बदललं तर दुरुस्ती करता येते. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत सेटिंगमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, तीही वाढवा.

फेब्रुवारी वाईट गेला. इंटरनेटची लाइन ठरलेल्या आठवड्यात आली नाही. कारण विचारलं तर इमारतीत केबल टाकायची परवानगी मिळाली नाही म्हणे, आणि इमारतीचं व्यवस्थापन म्हणत होतं की आमच्याकडे अर्जच नाही. दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत होत्या आणि मी मध्ये. रात्री अकरा वाजता मेल बघायची खोड याच दिवसांत लागली. झोप उडाली, उत्तर कोणाचंच नसायचं. शेवटी मोबाइलवरच्या मेलच्या सूचना बंद केल्या आणि दिवसातून ठरावीक वेळाच मेलबॉक्स उघडायचा असं ठरवलं, ज्यांना तातडी आहे ते फोन करतील. करत होतेही.

त्या गुंत्यातून बाहेर काढलं ते एका जुन्या मेलने. जानेवारीत व्यवस्थापकांशी फोनवर बोलणं झालं होतं, त्याचा 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे' असा मेल आणि खाली त्यांचं 'ठीक आहे' शोधाच्या चौकटीत लगेच सापडलं. तो मी कोणाला खिंडीत पकडायला वापरला नाही. दोन्ही बाजूंना एकाच मेलवर घेतलं, जुना मेल खाली जोडला आणि विचारलं: यानुसार परवानगीचं पत्र कोण, कोणत्या तारखेला देणार? दोन दिवसांत पत्र निघालं. लाइन तरीही उशिराच आली, पण निदान कधी येणार हे कळलं आणि बाकीच्या नोंदी सरकवता आल्या.

मार्चमध्ये एक निराळीच अडचण आली. सर्व्हरची यंत्रणा पुरवणारी तांत्रिक टीम दुसऱ्या खंडात होती आणि त्यांच्याबरोबर दर आठवड्याला कॉल असायचा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी, आणि बऱ्याच देशांत जातच नाहीत. ठरलेली मीटिंग ज्या टाइम झोनमध्ये तयार केली त्याला चिकटून राहते. कोणाच्या घड्याळाप्रमाणे ती स्थिर राहावी हे आधीच ठरवून, नोंद करतानाच तो टाइम झोन निवडावा. आम्ही मार्चपुरती कॉलची वेळ सब्जेक्टमध्येच दोन्हीकडच्या घड्याळांप्रमाणे लिहायला लागलो. कॅलेंडर बरोबरच होतं, पण माणसं कॅलेंडरपेक्षा सवयीवर जातात.

सामान हलवायचा आठवडा तासातासाने मांडला. शुक्रवारी दुपारी संगणक बंद, शनिवारी ट्रक, रविवारी जोडणी, सोमवारी काम सुरू. या नोंदींना एकाऐवजी दोन रिमाइंडर लावले, आदल्या दिवशीचं आणि तासभर आधीचं. आणि सगळं छापून घेतलं. ज्या दिवशी नेटवर्कच बंद असणार त्या दिवशीचं वेळापत्रक फक्त नेटवर्कवर ठेवण्यात अर्थ नव्हता. कागदावर प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव आणि फोन. त्या तीन दिवसांत मेल जवळपास कोणी बघितला नाही, आणि ते योग्यच होतं.

सोमवारी साडेदहापर्यंत लेखा विभागाचा प्रिंटर सोडून सगळं चालू होतं. मला आनंदापेक्षा थकवाच जास्त जाणवला.

आवराआवरीचं कोणी सांगत नाही, म्हणून तेही लिहिते. सोमवारची ठरलेली मीटिंग बंद करताना 'सर्व नोंदी' पुसू नका. तसं केलं तर झालेल्या मीटिंगही सगळ्यांच्या कॅलेंडरातून जातात, त्यांच्या विषयपत्रिकांसह. गुगलमध्ये 'ही आणि यानंतरच्या' असा पर्याय आहे तो घ्या. आउटलुकमध्ये मालिकेला शेवटची तारीख द्या. प्रोजेक्टचं कॅलेंडर आयसीएस फाइल म्हणून उतरवून घेता येतं, आणि गुगलच्या टेकआउट या माहिती उतरवून घ्यायच्या सोयीतून ठरावीक लेबलाचे मेल एका फाइलमध्ये मिळतात. आमच्याकडे त्याला माहिती विभागाची परवानगी लागली आणि लेखापरीक्षण होईपर्यंत मूळ मेल पुसायचे नाहीत असा लेखी शेराही मिळाला. तुमच्याकडे असा काय नियम आहे, ते काही पुसण्याआधी विचारून घ्या.

ग्रुपचा पत्ता ३० जूनला बंद होणार आहे. त्यावर येणारे मेल आता तुरळक आहेत, बहुतेक बिलांच्या दुरुस्तीचे. प्रोजेक्टच्या कॅलेंडरात वाटेची एकच नोंद उरली आहे, जुन्या जागेच्या अनामत रकमेची. पाहणी अहवालावर जागामालकांची सही झाली आहे, रक्कम ४५ दिवसांत देऊ असं त्यांनी मेलवर लिहून दिलं आहे, आणि आठवणीची तारीख त्यानुसार मेच्या दुसऱ्या आठवड्यात टाकली आहे. त्या आठवड्यात मी रजेवर आहे, म्हणून सहकाऱ्याला त्या नोंदीत घालून ठेवलं आहे.